कोइंब्राचा नापास कवी आणि आमच्या फाट्यावरचा फ्लेक्स

मी राहते त्या गावाचं नाव कोइंब्रा. पोर्तुगालात, नदीच्या काठावर, टेकडीच्या उतारावर. टेकडीच्या माथ्यावर विद्यापीठ आहे, आणि ते इतकं जुनं की आमचा नगरचा भुईकोट किल्ला त्याच्यापुढं कालचं पोरगं वाटावा. विद्यापीठ वर, मी खाली. मी शेवगाव तालुक्यातली, नववीत शाळा सोडलेली. एका म्हाताऱ्या मालकीणबाईंच्या घरात पोरांना खोल्या भाड्यानं देतात, तिथं झाडणं, पुसणं, चादरी बदलणं आणि संध्याकाळचं सूप करणं हे माझं काम. पुण्यात ज्या गोव्याच्या कुटुंबाकडं मी स्वयंपाकाला होते ते इकडं आले, मलाही घेऊन आले, आणि पुढं लिस्बनला जाताना मला ह्या बाईंच्या हवाली करून गेले. त्यांचे आणि बाईंचे उपकार मी रोज मोजते. ते मोजून झाले की काळजी करत बसते: गॅस बंद केला का, राहण्याचं कार्ड पुढच्या वेळी मिळेल का, बाई पायऱ्यांवरून पडल्या तर माझं काय होईल.

ह्या घरात वरच्या मजल्यावर एक खोली भाड्यानं देत नाहीत. तिथं एके काळी पोर्तुगालचा फार मोठा कवी विद्यार्थी म्हणून राहायचा. मोठा म्हणजे किती? गावात त्याचा पुतळा आहे, त्याच्या नावाची गल्ली आहे, त्याच्या नावाचं औषधाचं दुकान आहे आणि त्याच्या नावाचा एक गोड पदार्थ आहे, जो दातात अडकतो. खोलीत पलंग, टेबल, दौत आणि खिडकी. त्यातली खिडकी तेवढी खात्रीनं त्याची. पलंग मालकीणबाईंनी जुन्या बाजारातून आणलेला आहे. पण पर्यटक त्या पलंगाकडं बघून असा सुस्कारा टाकतात की उगाच कुणाचं मन कशाला मोडायचं म्हणून आम्ही दोघी गप्प बसतो.

पहिल्या दिवशी बाईंनी मला ती खोली दाखवली तेव्हा मी चपला दाराबाहेर काढल्या. आमच्याकडं नेवाशाला एका संतानं पाठ टेकलेला खांब आहे, तिथं माझी आई डोकं टेकवायची. मोठा माणूस जिथं बसला तिथं चप्पल घालून जायचं नाही, एवढं शाळेत न जाताही कळतं. बाईंना वाटलं माझे पाय दुखतात. त्या धावत जाऊन मलम घेऊन आल्या.

मग हळूहळू मला कवीची उत्सुकता लागली. काळा झगा घातलेली एक विद्यार्थिनी पर्यटकांना घेऊन यायची आणि सांगायची. तिचं ऐकून ऐकून मला ते पाठ झालं. विद्यापीठाच्या मनोऱ्यावर एक घंटा आहे. ती वाजली की पोरांनी उठून वर्गात जायचं. पोरं तिला शेळी म्हणतात, सकाळी उगाच ओरडते म्हणून. तर ह्या कवीनं एका रात्री मनोऱ्यावर चढून घंटेच्या लोळ्याला आपला झगा गुंडाळला. सकाळी शेळी मुकी. सगळं विद्यापीठ झोपून राहिलं. झगा कुणाचा हे आतल्या शिवलेल्या नावावरून कळलं, कारण त्याच्या आईनं हरवू नये म्हणून नाव शिवलं होतं. कवीला वर्षभर गावाबाहेर काढलं. परत आला, कायद्याच्या परीक्षेला बसला, आणि नापास झाला. त्या दुःखात त्यानं नदीवर कविता लिहिली, आणि आता तीच कविता त्याच विद्यापीठात परीक्षेला असते.

ह्या कवीचं आणि गावाचं नातं म्हणजे आमच्याकडच्या सासूसुनेचं. होता तोवर पटलं नाही, गेल्यावर फोटोला हार.

ही गोष्ट मी लेकीला फोनवर सांगितली. तिचे वडील गेल्यावर मी पुण्याला आणि मग इकडं आले, ती गावी दादा-वहिनीकडं वाढली. माझ्या लेकीला वहिनीनं स्वतःच्या पोरांच्या बरोबरीनं वाढवलं. मला लेकीला जेवायला वाढता येत नव्हतं, वेणी घालता येत नव्हती. हसवता यायचं. म्हणून दर रविवारी कवीची थोडी निंदा करायची. तो झगा, ती शेळी, तो नापास. लेक फोनवर इतकी हसायची की वहिनी मागून ओरडायची, "काय गं, सांडशील ते दूध!"

लेक दहावीत गेली आणि एका रविवारी म्हणाली, "आई, दहावी झाली की बास. मी तुझ्याकडंच येते."

"अन् शिक्षण?"

"तू कुठं शिकलीस? तरी परदेशात हायेस. अन् तुझा तो कवी! नापास झाला, हाकलला, तरी पुतळा झाला. शाळेनं काय व्हतंय?"

मी फोन कानाला धरून खोलीत उभी होते, हातात फडकं. माझीच गोष्ट फिरून माझ्या तोंडावर आली होती. मी रागावले. तिनं ठेवून दिला. पुढच्या रविवारी उचललाच नाही. वहिनी म्हणाली, "पोरगी ऐकत न्हाई बघ. क्लासला जाते, पन वही उघडत न्हाई. म्हनते, तिकडं जायचं तर पोर्तुगीज शिकते, गनित कशाला." मी ठरवलं, जानेवारीत रजा घेऊन गावी जायचं आणि समोर बसून बोलायचं.

शेवगावहून जीपनं आमच्या फाट्यावर उतरले. समोरून उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून चालल्या होत्या. त्या धुरळ्यात मला मी दिसले. फ्लेक्सवर. माणसापेक्षा मोठी.

"आपल्या गावची कन्या सातासमुद्रापार! पोर्तुगालच्या जगप्रसिद्ध विद्यापीठात महाकवींच्या कार्यालयात रुजू झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली शुभेच्छुकांची रांग: दादाचे मित्र, निम्मे गॉगल लावून, निम्मे मोबाईल कानाला लावून. आणि वरच्या ओळीत, जिथं देव आणि थोर पुरुष असतात तिथं, तो कवी. मिशा, टोकदार दाढी, आणि फ्लेक्सवाल्यानं त्याच्या भोवती आपल्या पद्धतीनं झेंडूचा हार काढलेला. विद्यापीठानं जे करायला कित्येक वर्षं लावली ते शेवगावच्या फ्लेक्सवाल्यानं एका दुपारी केलं होतं.

फाट्यावरच्या टपरीपाशी आमच्या आळीतली एक मावशी बसली होती. मला बघून उठली, गालावरून हात फिरवला आणि फ्लेक्सकडं बोट केलं.

"ह्यो कोन गं? नवा जावई व्हय?"

"न्हाई मावशी, कवी हाय तो."

"मिशा लई झोकात हायेत. कमवतो का?"

"मेलाय तो. कवाच."

"अगं बाई!" मावशीनं तोंडाला पदर लावला. "मंग तिथं कुनाकडं ऱ्हातीस तू?"

घरी गेल्यावर दादाला विचारलं, तर तो माझ्यावरच चढला.

"तूच म्हनली हुतीस, कवीच्या खोलीत काम करते."

"काम म्हंजी झाडायचं, दादा."

"ते कुठं लिहिलंस? तू धाडलेल्या फोटूत टेबलापशी बसलीस, मागं भिंतीवर त्यो कवी. हातात कागुद."

"कागद न्हाई तो. फडकं हाय."

दादानं मोबाईल काढून फोटो मोठा केला, बारीक डोळे करून बघितला आणि बंद केला. "झालं ते झालं. आता खाली उतरवला तर लोकं म्हनतील, बाई निलंबित झाली. अन् शाळेत शुक्रवारी गॅदरिंग हाय. तू प्रमुख पाहुनी."

"मी? ज्या शाळेतून नववीत गेले त्या शाळेत?"

"मुख्याध्यापक सोता आल्ते. विषय बी दिलाय: 'महाकवी आणि विद्यानगरी'. हारतुरे सांगितलेत."

"अन् त्यांना काय सांगितलंस?"

"फ्लेक्स वाचूनच आल्ते ते. मी कशाला सांगू?"

माझा दादा वाईट नाही. त्याच्या बहिणीला लोक कामवाली म्हणायचे, ते त्यानं वर्षानुवर्षं ऐकून घेतलं होतं. एकदा त्याला ते मोठ्या अक्षरात पुसून टाकायची संधी मिळाली, तेही रंगीत. त्याच्यावर रागवावं तर त्याच्याच घरात माझी लेक वाढलेली. मी रागावले नाही.

आणि लेक? ती घरात वावरत होती, चहा देत होती, पण माझ्याकडं बघून बोलत नव्हती. मी म्हणाले, "बस जरा, बोलायचंय."

"मला स्क्रिप्ट पाठ करायचंय. गॅदरिंगचं सूत्रसंचालन माझ्याकडं हाय."

"म्हणजे माझी ओळख तू करून देणार?"

"व्हय," ती म्हणाली, आणि गाल आतून चावत हसली. "अन् भाषण झालं की सगळ्यांसमोर सांगणार हाय मी, दहावीनंतर आईकडं चाललेय म्हनून."

म्हणजे शुक्रवारपर्यंत मला तिचं मन वळवायला हवं होतं. एकदा गावासमोर बोलली की ती मागं फिरणार नाही, हे मला माहीत होतं. ती माझीच आहे. रोज मी काही ना काही निमित्त काढायची आणि ती रोज कुठं ना कुठं निघून जायची. मैत्रिणीकडं, सरावाला, पीठ दळायला. पीठ दळायला ती कधी स्वतःहून गेली नव्हती, असं वहिनी म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानात मांडव. पोरं खाली, गाव मागं, आणि मी स्टेजवर मुख्याध्यापकांच्या शेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीवर सोफ्याचं कापड घातलेलं. दीपप्रज्वलन झालं. समईची वात तीनदा विझली. शाल आली, नारळ आला. लेक माईकपाशी. नववारी नेसली होती, वहिनीची नथ घातली होती, आणि इतकी छान दिसत होती की मी तिचे शब्द नीट ऐकलेच नाहीत. शेवटचं वाक्य मात्र ऐकलं.

"शाळेतलं शिक्षण अर्धवट सोडूनही ज्यांनी विद्यापीठ जिंकलं, त्या माझ्या आईला मी विनंती करते की त्यांनी दोन शब्द बोलावेत."

टाळ्या. दादा सगळ्यात जोरात.

माईक माझ्या उंचीचा नव्हता. मी तो खाली ओढला, तो किंचाळला, पहिल्या रांगेतली पोरं हसली. बरं वाटलं. मी ठरवलं होतं की कवीचा जन्म, गाव, पुतळा, नदी एवढंच सांगायचं आणि बसायचं. तोंड उघडलं आणि निराळंच बाहेर आलं.

"फ्लेक्सवर लिहिलंय की मी महाकवींच्या कार्यालयात हाय. कवींना कार्यालय न्हाई. त्यांना आता श्वाससुद्धा न्हाई. मी त्यांची खोली झाडते."

मांडवात कुणीतरी खोकलं. दादा चपलेकडं बघायला लागला.

मग मी कवीची गोष्ट सांगितली. शेळी सांगितली, झगा सांगितला, आईनं शिवलेलं नाव सांगितलं. पोरांनी मांडव डोक्यावर घेतला. मागून एक म्हातारबुवा ओरडले, "आपल्या घंटेला बी गुंडाळा रं कायतरी!" मी म्हणाले, नापास झाला. अजून टाळ्या. नापास झालेल्याला आमच्या गावात इतक्या टाळ्या कधी मिळाल्या नसतील.

"ही गोष्ट मी नेहमी इथंच संपवते," मी म्हणाले. "सगळे हसतात आणि खाली उतरून गोड खातात. पण त्या खोलीत शिक्षण अर्धवट राहिलेले दोघं असतात. एक भिंतीवर, एक फरशीवर. तो नापास झाला तेव्हा त्याच्या बापाचे द्राक्षांचे मळे होते. त्याआधी वर्षभर हाकलला तेव्हाही घरी बसून कविता लिहिल्या. मी शाळा सोडली तेव्हा दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला गेले. नापास व्हायलासुद्धा घरात काहीतरी असावं लागतं, पोरांनो. त्याचा पुतळा झाला. मी त्या पुतळ्याच्या गावात चादरी धुते. बाई चांगल्या हायेत, मला काही कमी न्हाई. पण माझ्या लेकीनं मला बघून शाळा सोडावी असं काही मी तिथं केलेलं न्हाई."

मी लेकीकडं बघितलं. ती माईकच्या वायरकडं बघत होती. कागद तिनं चुरगाळला होता. तिचा सूत्रसंचालनाचा पुढचा भाग बाकी होता, तो तिनं न वाचता, सपाट आवाजात पुरा केला: "यानंतर लेझीम." दहावीनंतर कुठं चाललेय ते ती बोलली नाही.

शेवटी मुख्याध्यापकांनी आभार मानले. ते म्हणाले, "प्रमुख पाहुण्यांनी आपल्या ओघवत्या शैलीत श्रमप्रतिष्ठेचा संदेश दिला." मला हायसं वाटलं. शिकलेल्या माणसांची ही कला मला फार आवडते. कुठलंही भांडं फुटलं तरी त्यांना त्यात संदेश सापडतो.

घरी येताना दादा म्हणाला, "झाडते म्हनून सांगायची काय गरज हुती? विद्यापीठाच्या गावातच झाडतेस ना!" वहिनी म्हणाली, "गप बसा हो." लेक पुढं चालत होती, नथ हातात घेऊन.

अंगणात तिनं मला गाठलं. "तू मला बोललीस. सगळ्यांसमोर."

"तुला माहीत होतं मी झाडते."

"मला माहीत व्हतं. पोरींना न्हवतं. अन् ते बी जाऊ दे. घरात बोलायचं की! माईकवरून कुनाची आई असं बोलती का?"

"घरात तू सापडत नव्हतीस."

"तू तरी कुठं सापडतीस?" ती म्हणाली, आणि आत गेली.

रजा संपेपर्यंत ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मीठ, पाणी, टॉवेल. मी निघायच्या दिवशी मला वाटलं ती क्लासला जाईल, पण ती शेवगावच्या स्टँडवर आली. दादानं बॅग वर टाकली. पुण्याची गाडी सुटायला वेळ होता. लेक खिडकीखाली उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"आई, तो नंतर पास झाला का?"

"कोण?"

"तुझा कवी. परत बसला व्हता का परीक्षेला?"

मी विचार करायला लागले. रोज ती खोली झाडते, रोज ती गोष्ट ऐकते, आणि मला माहीत नव्हतं. नापास झाला इथं गोष्ट संपायची आणि माणसं जिना उतरायची.

"माहीत न्हाई गं."

"काय तू पन," ती म्हणाली. "एवढं बी विचारलं न्हाईस." गाडी सुटली.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी मी त्या काळ्या झग्यातल्या विद्यार्थिनीला जिन्यात अडवलं. माझं पोर्तुगीज घरकामाचं आहे, त्यात साबण जास्त आणि व्याकरण कमी. तरी विचारलं. ती थांबली, विचारात पडली आणि हसली. म्हणाली, हे आजवर कुणी विचारलं नाही. तिलाही माहीत नव्हतं. मग ती ग्रंथालयात गेली, कारण माझ्यासारखीच तिलाही आता झोप लागेना.

काही दिवसांनी ती सांगत आली. कवी पुन्हा बसला. पुन्हा नापास झाला. तिसऱ्या वेळी पास झाला, काठावर. आणि मग एका लहान गावच्या कोर्टात म्हातारा होईपर्यंत नोकरी केली. कविता रविवारी. इतकं साधं, इतकं कंटाळवाणं की ते कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

रविवारी फोन केला. लेकीनं उचलला. मी काही प्रस्तावना न करता सगळं सांगितलं.

मग ती म्हणाली, "नोकरी केली त्यानं?"

"जन्मभर."

"कोर्टात? रोज?"

"रोज. सुट्टी सोडून."

"मग हे आधी का न्हाई सांगितलंस?"

"मलाच माहीत नव्हतं. आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. ह्यात हसण्यासारखं काही न्हाई."

"व्हय," ती म्हणाली. "बोअरच हाय." मग आवाज खाली आणून, "मी अकरावीला नाव घालते. पन आर्ट्सला. सायन्स जमनार न्हाई, आधीच सांगते. अन् गनित सोडनार."

"सोड."

"शेवगावला एसटीनं जावं लागंल. पास काढायला लागंल."

"काढ."

"अगं आई, लगेच हो म्हनू नकोस ना! जरा तरी आढेवेढे घे. मामीला वाटंल मी हरले."